सोनापूरच्या मावशीचं नाव

धोंडू वखारवाला छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं मावशीने भाकरी पाठवली असेल. सकाळी मी घाईत भाकरीचं फडकं न घेताच निघालो होतो, आणि असं झालं की ती कुणाच्या ना कुणाच्या हाती भाकरी धाडायचीच. पण धोंडूचे हात रिकामे होते. तो सोनापूरच्या मसणात चितेची लाकडं तोलून देतो, त्यामुळे कुणाच्या घरी किंवा कामाच्या जागी उंबरा ओलांडत नाही. समोरच्याला अशुभ वाटेल, म्हणून स्वतःच बाहेर थांबतो. मी शाईचे हात धोतराला पुसत बाहेर गेलो.

"काय धोंडूदा?"

"चल."

"कुठे?"

"घरीच चल रे. बसल्या जागी गेली. कुंभाराची गाडी आली, तो हाका मारतोय, मारतोय... ही भिंतीला टेकलेली. त्याला वाटलं डुलकी लागली बाईला."

आम्ही पोचलो तोवर कुंभाराने मडकी उतरवून ओळीने मांडून ठेवली होती. बिचारा दुसरं काय करणार? गल्लीतल्या चार बायका लांब उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "सामान आणा रे लवकर, ऊन चढतंय." मी वळलो, चार पावलं टाकली आणि थबकलो. सामान आणायला जायचं कुठे? साऱ्या गिरगावाने सामानासाठी ज्या दारात यायचं, ते दार तर हेच. बांबू, कामट्या, काथ्या, मडकं, गवऱ्या, पांढरं कापड, सगळं त्या बारक्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेलं असायचं, आणि गिऱ्हाईक दारात आलं की मावशी मान वर करून दोनच प्रश्न विचारायची, "बाई की बाप्या? सवाष्ण का?" त्याउपर एक शब्द नाही. त्या दिवशी मी आत शिरलो, मीच मनात तिचे प्रश्न विचारले आणि मीच त्यांची उत्तरं दिली. बाई. सवाष्ण नव्हे. तिच्या उंचीचा बांबू निवडताना माझी नजर ठरेना. अखेर धोंडूने मला बाजूला केलं.

वाचकहो, मी लिहिणारा माणूस नव्हे. मराठी तिसरीत शाळा सुटली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराचे खिळे जुळवून पोट भरतो. संपादकसाहेबांनी मोठ्या मनाने ही जागा दिली, भाषेतल्या चुकाही सुधारून घेतल्या, त्यांचे उपकार आहेत. ही जागा मी का मागितली, ते ओघाने येईलच.

मी मालवणच्या बाजूचा. मुंबईस आलो तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. ठाकूरद्वारला गाववाल्यांच्या खोलीत मी आणि माझ्याबरोबरच आलेला बाबल्या, दोघे पथारी टाकायचो. बाबल्याला ताप भरला आणि आठवडा उलटायच्या आत तो गेला. खोलीतली थोरली माणसं कामावर गेलेली. शेजारचे मला म्हणाले, सोनापूरच्या दाराशी एक बाई बसते, तिच्याकडून सामान आण. मी गेलो, पण काय मागायचं ते कुठे ठाऊक होतं! दारात उभा राहून विचारलं, "एक माणूस न्यायला काय काय लागतं?" मावशीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक वस्तू काढून दिली आणि काथ्या जरा जास्तच दिला. पहिल्यांदा बांधणाऱ्या माणसाच्या गाठी सुटतात, हे तिला माहीत होतं.

आणि त्या काथ्यानेच घोटाळा केला. सगळं आटोपल्यावर त्यातला हातभर उरला. आमच्या घरी दोरीचा तुकडा फुकट घालवायची पद्धत नाही. मी तो नीट गुंडाळला आणि परतताना तिच्या दारात जाऊन पुढे केला, "हा उरला. परत घ्या." पाणी भरणारी एक बाई घागर तशीच ठेवून घरात पळाली. तिथून नेलेली वस्तू माघारी आणायची नसते. ज्याच्या घरात ती शिरेल तिथे दुसऱ्यांदा गरज लागते असं मानतात, हे गिरगावातलं शेंबडं पोरही जाणतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी ओरडली, "अरे मेल्या, हे परत आणतात होय!" आणि माझा चेहरा पाहून तिला हसू फुटलं. हसता हसता तिने तो काथ्या माझ्या हातातून काढून घेतला. पाणीवाली दाराआडून म्हणाली, "अगो, घेतेस काय! फेक तिकडे!" तर मावशी म्हणाली, "माझ्याच घरात राहू दे. इथून दुसरं कोण जाणार आहे? मी एकटी तर आहे."

त्या संध्याकाळी तिने मला जेवू घातलं. बाबल्या गेल्यावर खोलीतली माणसं तापाला भ्याली होती, कुणी परळला मेव्हण्याकडे गेलं, कुणी लालबागेत. मी कुठे जाणार? दुकानामागे तिची एक अंधारी खोली होती. तिला भाडेकरू मिळत नसे, कोण राहणार तिथे? "भूत नाही हो काही," ती म्हणाली, "पण धूर येतो. डोळे चोळायची तयारी असली तर रहा." मी राहिलो. तो राहिलो तो तिच्या मरणापर्यंत.

सोनापूरचा इतिहास मी तिच्या तोंडूनच ऐकला, आणि तिने तो सासूच्या तोंडून ऐकलेला. दुकान सासूचं. त्या काळी म्हणे मसणाच्या मागच्या अंगाला थेट समुद्र होता. भरतीला लाट भिंतीपाशी यायची, आणि राख सावडून झाली की माणसं चार पावलांवर पाण्यात उतरायची. भोवती माडांच्या वाड्या, वस्ती विरळ, गावाबाहेर म्हणूनच ही जागा दिलेली. मग समुद्र मागे हटवून आगगाडीचा रस्ता झाला, क्वीन्स रोड झाला, आणि राख घेऊन जाणाऱ्याला रूळ ओलांडायची वेळ आली. सासू गाडीला शिव्या द्यायची, "मेलेल्यालाही थांबायला लावते!" शेजारी मुसलमानांचं कब्रस्तान. त्याच ओळीत गोऱ्यांचंही जुनं दफनस्थान होतं, ते माणसांनी इतकं भरलं की नवीन खड्डा खणला की जुनं हाड लागायचं. शेवटी ते बंद करून त्यांनी शिवडीला जागा घेतली. गाव वाढत वाढत मसणाला येऊन भिडलं, आणि मग गावालाच धुराचा त्रास व्हायला लागला. हे इथून हलवा, दूर न्या, अशी बोलणी किती वेळा उठली आणि किती वेळा बसली. मावशी म्हणायची, "आधी आम्ही होतो इथे. हे लोक मागून आले, खिडक्या आमच्याकडे काढल्या आणि आता म्हणतात वास येतो." आम्ही म्हणजे ती आणि मेलेली माणसं. हे बोलताना तिला काही वावगं वाटत नसे.

एकदा मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?" ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "मेलेल्याची कसली भीती? मला भीती त्या हातगाडीची." सरकारी इस्पितळातून ज्यांना कुणी न्यायला येत नाही अशी माणसं गाडीवरून यायची. मागे चालायला कुणी नाही, मडकं धरायला कुणी नाही, ओढणारे दोघे आपसात गप्पा मारत यायचे. तशी गाडी आली की मावशी उठून उभी राहायची आणि ती आत जाईपर्यंत बसत नसे. "माझं तसंच होणार," ती म्हणाली. "नवरा गेला, पोर झालं नाही, गावी कोण आहे नाही ठाऊक नाही. धोंडू दोन लाकडं जास्त घालील, झालं."

मी भाकरी खात होतो. तोंडात घास होता तसाच म्हणालो, "मी आहे ना."

तिने सुपारी कातरायची थांबवली. "बाप आहे ना रे तुझा? मग असलं बोलू नये." आणि कालवणाची पळी माझ्या ताटात दुसऱ्यांदा रिकामी केली.

ते शब्द मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती, हे मला धोंडूने त्या दिवशी तिरडी बांधताना सांगितलं. "सगळ्यांना सांगत होती रे, पोरगा बोललाय म्हणून." मग मला मागे हटता येईना. उपाध्ये आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगा का?"

"नाही. पण मीच करणार."

"वडील आहेत?"

"आहेत. गावी."

"मग बाबा, अग्नी दे हवं तर, दुसरं कोणी नाही म्हणतोस म्हणून. मिशीला वस्तरा लावू नकोस. आणि दहाव्याचा पिंड तुझ्या हातून नाही. बाप जिवंत असलेल्याने तो द्यायचा नसतो. समजलं?"

समजलं होतं. पण न्हावी समोर बसलेला, मसणात आलेले इतर लोक बघताहेत, आणि माझ्या मनात आलं की तिच्यामागे चालणारा माणूस पुरता दिसला पाहिजे... अर्धामुर्धा नको. मी न्हाव्यासमोर बसलो. उपाध्ये चुकचुकले आणि त्यांनी तोंड फिरवलं. खांद्यावर मडकं घेऊन मी तीन वेळा फिरलो. मंत्र म्हणताना उपाध्यांनी हात पुढे करून विचारलं, "नाव?" मी म्हणालो, "मावशी." मागे दुसरी दोन प्रेतं थांबली होती. उपाध्ये तसेच पुढचे मंत्र म्हणत गेले. मसणाच्या दारावर नोंद करणाऱ्या कारकुनाला धोंडूने काय सांगितलं असं मी नंतर विचारलं, तर तो म्हणाला, "काय सांगणार? बांबूवाली, विधवा. एवढंच लिहिलं त्याने."

त्या वेळी ते कानांवरून गेलं. मला दुसरीच काळजी लागली होती. दहावा दिवस उलटला आणि तिच्या नावे भाताचा गोळा कुणी ठेवला नाही. शिवाय बंदरावर आमच्या गावचे खलाशी येतात. माझा बोडका ओठ कुणी पाहिला असेल आणि गावी जाऊन भलतंच सांगितलं असेल तर? आईच्या जिवाचं काय होईल? पावसाळ्यासाठी आगबोट बंद व्हायला अवकाश होता. छापखान्यातून रजा मागितली आणि निघालो.

मचव्यातून किनाऱ्यावर उतरलो तेव्हा आई विहिरीवरून येत होती. तिने मला पाहिलं, डोक्यावरची घागर गेली, आणि तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. आई ओरडत घराकडे धावली, मी तिच्यामागे. वाटेत एकाने मला धरून "कधी रे? कधी गेलो तुझो बापूस?" म्हणून गळ्यात पडून रडायलाही सुरुवात केली. आणि बाबा आमच्या पडवीत बसून जाळं विणत होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या ओठाकडे.

"मी मेलंय ता माका कोणी सांगूक नाय!" बाबा म्हणाले.

गळ्यात पडलेला माणूस हसायला लागला. आई खालीच बसली. मला मात्र हसू येईना, रडूही येईना. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून मी सगळं सांगितलं. पत्रात मी कायम लिहायचो की एका मावशीकडे राहतो, जेवणाची सोय चांगली आहे. घरी वाटायचं कुणी खानावळवाली असेल. मसणाच्या दाराशी राहतो हे लिहायची माझी छाती झाली नव्हती. छापखान्यातही कुणी विचारलं तर मी नुसतं 'गिरगावात' म्हणायचो. आता बाबल्याचा ताप, तो काथ्या, मागची खोली, सगळं एका दमात बाहेर आलं. मला वाटत होतं बाबा मिशीसाठी हात उगारतील. जिवंत बाप डोळ्यांसमोर असताना परक्यासाठी मिशी काढणं म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

ते जाळ्याचा एक एक पदर चाचपत ऐकत राहिले. मग म्हणाले, "पिंड कोणी दिल्यान?"

"कोणीच नाय. भटजी म्हणाले, माका चलणा नाय."

"तुका नाय चलणा. माका चलता. माझो बापूस खंय आसा? त्येका जावन वर्सां झाली." ते उठले आणि त्यांनी जाळं खुंटीला टांगलं. "जिना माझ्या पोराक जेवक घातल्यान, तिका मी तीळपाणी दितंय. उद्या गुरवाक सांगून भटाक बोलवतंय. नाव काय तिचा?"

मी तोंड उघडलं.

वाचकहो, तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, जिने माझ्या तापात रात्री जागवल्या, जिच्या मागे मी मडकं घेऊन फिरलो, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. कुणीच तिला नावाने हाक मारत नसे. गल्लीला ती मावशी, गिऱ्हाइकांना बांबूवाली, कुंभाराला 'सोनापूरवाली'. मला ते कधी खटकलंच नाही. मी म्हणालो, "मावशी म्हणायचो."

"ता झाला तुझा. तिचा नाव?"

"ठाऊक नाय."

"गाव?"

"खालच्या अंगाचा... बोलीवरून वाटायचा. इचारूक नाय कधी."

आई पदराने डोळे पुसत होती, तीही थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोडक्या ओठाकडे पाहिलं होतं तेव्हा त्या नजरेत राग नव्हता. आता होता.

"जात इचारूक नाय, ता बरा केलंस," ते हळू म्हणाले. "गाव इचारूक नाय. नाव इचारूक नाय. जेवलंस मात्र."

त्यांनी पिंड दिला नाही. निनावी पाणी कुणाला पोचायचं, असं त्यांचं म्हणणं. वाटेतच कोणीतरी पिऊन टाकील. भटजींनी सांगून पाहिलं की गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणतात, नावाचंही कसंतरी भागवता येईल. पण बाबा कसंतरीला तयार होईनात. निघताना ते किनाऱ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "भादव्यात पितरांचो पाख. तवसर नाव शोधून हाड. मी थांबतंय." एवढं बोलून ते पाठमोरे झाले.

मुंबईस परतल्यापासून मी नावच शोधतो आहे. धोंडूला विचारलं, तो म्हणाला, "अरे मी तिला 'अगो' म्हणायचो." पाणी भरणारीने बराच विचार केला आणि तिला रडू आलं, कारण तिलाही ते सांगता येईना. कुंभाराकडे गेलो. त्याचा बाप होता तेव्हा बाईची सासू होती, ती सुनेला 'अगे' म्हणायची. कब्रस्तानातल्या म्हाताऱ्या खणणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "बेटा, हम तो सलाम करते थे, बस." माणसं गेल्यावर त्यांची नावं घेऊन आम्ही सगळे तिच्या दारापर्यंत येत होतो, अमक्याचं सामान, तमकीचं सामान, आणि ती प्रत्येकाचं नाव ऐकून घ्यायची. आतल्या माणसाचं नाव कुणाला लागलं नाही. दुसऱ्यांना दोष कसा देऊ? ते दारात उभे राहून जात. मी आत राहत होतो.

म्हणून ही जागा मागितली. गिरगाव, ठाकूरद्वार, फणसवाडीतल्या ज्या घरांत हा अंक जातो, त्या घरांतून कधी ना कधी कुणीतरी तिच्या दारात गेलेलं आहे. त्या दिवसाची आठवण कुणाला नको असते, हे मी समजतो. पण तेव्हा कुणी सहज म्हणून तिला विचारलं असेल, बाई, तुम्ही कुठल्या, नाव काय, तर त्याने ते मला कळवावं. तिच्या माहेरचं कुणी माणूस कुठे असेल तर त्यानेही. नुसतं नाव कळलं तरी पुरे. मी छापखान्याच्या दारात येऊन ऐकून घेईन, आत यायचा संकोच वाटला तर बाहेरूनच हाक मारा.

मागची खोली अजून माझ्याकडे आहे. दुकानाची जागा मालक दुसऱ्याला देणार, पावसाआधी भिंतींना चुना मारून घेणार. पान लावून झालं की मावशी बोटाला उरलेला चुना दाराच्या चौकटीला पुसायची. वर्षानुवर्षांचे ते पुसलेले पट्टे एकावर एक चढून तिथे जाड खडबडीत थर बसला आहे, तिच्या बसल्या हाताच्या उंचीवर. मालकाला मी हात जोडून सांगितलं, भाद्रपदापर्यंत तेवढ्या चौकटीला ब्रश लावू नका. त्याने विचारलं, "कोणाची खूण आहे ती?" मी म्हणालो, "मावशीची." तो वाट पाहत राहिला, पुढे मी काहीतरी सांगेन म्हणून. माझ्याकडे सांगायला तेवढंच होतं.